सोमवारचा खो

सोमवारी मी बोलत नाही. सकाळी आंघोळ झाली की तोंड मिटते, ते तिन्हीसांजेला देवापाशी दिवा लावीपर्यंत. गेली अकरा वर्षं हे व्रत चालू आहे. आमच्या ह्यांचं म्हणणं असं की, उरलेल्या सहा दिवसांतही मी फारशी ऐकू येत नाही, त्यामुळे सोमवार लागला की नाही हे त्यांना पाटीवरून कळतं. पाटी म्हणजे खरोखरीची दगडी पाटी, लाकडी चौकटीची. सोमवारी अगदीच अडलं तर मी तिच्यावर लिहिते. 'दूध उतू जातंय' असं मी वर्षातून दोन-तीनदा तरी लिहिलं असेल, आणि दरवेळी लिहून होईपर्यंत ते जाऊन झालेलं असतं.

हे आधीच सांगून ठेवते, कारण तालुक्याच्या शालेय खो-खो स्पर्धेच्या वहीत माझ्या नावापुढे पंचांच्या अक्षरात एक शेरा आहे. 'मार्गदर्शक बाईंना आरडाओरड केल्यामुळे मैदानाबाहेर काढले.' उद्या कुणी ती वही उघडली तर माझ्याविषयी भलताच समज व्हायचा.

सुरुवात झाली ती मालिकेपासून. 'सासूबाई मैदानात' ही मालिका आमच्या कुसगावात संध्याकाळी साडेसातला सुरू होते आणि तेवढा अर्धा तास गावात कुणाच्या दारावरची बेल वाजत नाही. मालिकेत माईसाहेब नावाच्या एक सासूबाई आहेत. त्या मुलींच्या शाळेतल्या खो-खो संघाला शिकवतात आणि त्यांची सून दर सामन्याच्या आदल्या दिवशी संघाचे बूट लपवते. माईसाहेब नऊवारीवर बूट घालतात. सामन्यात त्यांनी "खो" म्हटलं की शंख वाजतो, तिन्ही बाजूंनी त्यांचा चेहरा दाखवतात, मग सुनेचा चेहरा, मग आकाश. त्यामुळे सोमवारी दिलेला खो शुक्रवारपर्यंत पोचत नाही. मी जप करत बघते. जपाची माळ हातात असली की मालिका पाहिल्याचं पाप लागत नाही, असं माझं मत आहे. याला शास्त्राधार विचारू नये.

एका सोमवारी सकाळी अकराच्या सुमारास आमच्या जवळच्या शाळेचे मुख्याध्यापक, सखाराम सर, घरी आले. मी भगर निवडत होते. सर घाम पुसत ह्यांना सांगू लागले. शाळेचे खेळाचे बजरंग सर मुलींना खांबावर झेप कशी घ्यायची ते दाखवायला गेले. झेप बरोबर घेतली, खांब चुकला. पाय गुडघ्यापर्यंत प्लास्टरमध्ये. नियम असा की, मुलींच्या संघाबरोबर एक बाई हवीच. शाळेतल्या दोन बाईंपैकी एक बाळंतपणाच्या रजेवर आणि दुसऱ्या सरकारी सर्वेक्षणाला जुंपलेल्या.

"वहिनी नुसत्या बरोबर उभ्या राहिल्या तरी चालेल," सर म्हणाले. "मुली त्यांना ओळखतात. चतुर्थीला फाटकापाशी मोदक देतात ना त्या."

मी दोन्ही हात हलवून नको नको अशी खूण केली. हातात भगरीचं सूप होतं. सरांना वाटलं, मी चहाचं विचारतेय. "नको, नको, आत्ताच झाला," ते म्हणाले. मी पाटी ओढली, तर पेन्सिल सापडेना. पाटीवर सकाळपासून 'हो, भिजत घालते' एवढंच लिहिलेलं होतं, भगरीबद्दल. सरांनी त्यातला 'हो' वाचला.

"बघा, लिहूनच ठेवलंय त्यांनी," सर ह्यांना म्हणाले.

"तिच्या मनात नसतं तर तिनं पुसलं असतं," आमचे हे म्हणाले. लग्नाला तीस वर्षं झाली आहेत.

संध्याकाळी दिवा लावला आणि मी पहिलं वाक्य बोलले, "मला जमणार नाही." तोवर संघाची यादी वडगावला, तालुक्याच्या क्रीडा विभागात पोचली होती.

दुसऱ्या दिवशी चार वाजता संघाची कर्णधार मला न्यायला दारात उभी. करिष्मा तिचं नाव. दहावीतली, काटकीसारखी बारीक, डोळे एका जागी न ठरणारे. घर वडिवळ्याच्या वरच्या वाडीत; शाळेसाठी आठवडाभर कुसगावात आत्याकडे राहायची. आत्या इथल्या एका हॉटेलात खोल्या झाडते.

"तुमी काय बी करू नका काकू," ती म्हणाली. "नुसत्या उभ्या राहा. बाई न्हाई म्हून आमाला बाद केलं तर माझं सपलंच."

"तुझं का म्हणून?"

"आमी तालुक्याला जिंकलो की जिल्ह्याला जाणार. जिल्ह्याला खेळलेल्या पोरींनाच पुण्याच्या खेळाच्या वसतिगृहात चाचणीला बोलावतात. तितं ऱ्हायचं, खायाचं, पुढची शाळा, समदं हाय. आबा म्हणलं, तितं लागलीस तर शीक. न्हाई तर दहावी झाली की आत्यासंगं हॉटेलात ये म्हणत्यात. आत्यानं माझ्यासाठी झाडू पण बगून ठेवलाय."

शेवटचं वाक्य ती हसून बोलली. मी पायात चपला घातल्या.

आता नुसतं उभं राहण्याबद्दल. माणूस नुसतं उभं राहिलं की त्याला सल्ला देणारे येऊन उभे राहतात, हे मला त्या आठवड्यात कळलं. आमच्या समोरच्या मंगलताई तर पहिल्या दिवशीच वही घेऊन मैदानावर आल्या. मालिकेचे सगळे भाग त्यांना पाठ.

"हे बघ, माईसाहेब मुलींना पहाटे डोंगरावर पळवतात. भाग अठ्ठावन्न," त्या म्हणाल्या. "आणि सामन्याआधी प्रत्येकीच्या पायाला हळद लावतात. आणि चपला कसल्या घालतेस, बूट घाल."

घरात बूट ह्यांचेच. दोन मापं मोठे. पुढे कापूस कोंबून मी ते घातले आणि साडीवर बूट घातलेली बाई प्रत्यक्षात माईसाहेबांसारखी दिसत नाही, याचा अनुभव घेतला. दुसऱ्या पहाटे तुंगार्लीच्या धरणापर्यंत मुलींना पळवायचं ठरलं. मी मागून येत होते, हातात प्रसादाच्या केळ्यांची पिशवी. वळणावर माकडांनी पिशवी नेली. मुली माकडांमागे, मुलींमागे मी, माझ्यामागे माझा डावा बूट. त्या दिवशी जो पाठलाग झाला तसा पुढे कुठल्याच सामन्यात झाला नाही. दोन केळी परत मिळाली.

खेळातलं मला जे कळत होतं ते मालिकेतलं. मी मुलींना सांगितलं, "दोन बसलेल्या मुलींच्या मधून आडव्या घुसा."

"काकू, ते फाऊल हाय," करिष्मा म्हणाली.

"पण माईसाहेबांची मुलगी घुसली."

"त्या टीव्हीत घुसत्यात."

त्यानंतर मी खेळ शिकायला घेतला. म्हणजे मुली मला शिकवायच्या आणि मी कौतुक करायची. आठ जणी एका आड एक उलट दिशेला तोंड करून ओळीत बसतात, नववी पळणारीच्या मागे धावते. धावणारीनं बसलेलीच्या पाठीला हात लावून "खो" म्हटलं की ही उठून धावते आणि ती तिच्या जागी बसते. प्रदक्षिणेसारखंच आहे, फक्त घाईचं. माझ्या लक्षात आलं की आमच्या मुलींना खो कधी द्यावा ते कळत नाही. विशेषतः तेजल. ही आठवीतली, पायात वारा, पण एकदा धावत सुटली की कुणाला खो द्यायचं भानच नाही, कामशेतपर्यंत पळेल. बाहेरून बघताना मला मात्र तो क्षण बरोबर दिसायचा. इतकी वर्षं आरतीत कुठे थांबायचं आणि कुठे उचलायचं याची सवय असेल. मी म्हणायची, "तेजल, आता खो दे." आणि ते शेजारी उभ्या मंगलताईंनाही ऐकू जायचं नाही. मैदानाच्या मागूनच महामार्ग जातो. माझा आवाज आणि तो महामार्ग, यांची बरोबरी व्हायची नव्हती.

म्हणून मी देवघरातली घंटा आणली. पितळी, वर गरुड असलेली, सासूबाईंच्या वेळची. एक ठोका, सावध. दोन ठोके, खो. तीन ठोके, या, प्रसाद घ्या. देवाला आधी विचारलं होतं. चार दिवसांत संघ असा बसला की दोन ठोके पडले रे पडले, तेजलचा हात पुढच्या मुलीच्या पाठीवर. रस्त्यावरून जाणारा एकजण बूट काढून, हात जोडून उभा राहिला.

मधल्या काळात कागद. मार्गदर्शकाचा अर्ज ऑनलाइन भरायचा होता आणि त्यात 'अनुभव' हा रकाना रिकामा सोडला तर पुढचं पान उघडत नव्हतं. ह्यांनी त्यात लिहिलं, 'सासूबाई मैदानात, ३१२ भाग.' मला हे वडगावच्या कार्यालयात कळलं, कारकुनानं तो मोठ्यानं वाचला तेव्हा. मी साडीचा पदर खांद्यावरून घेतला आणि जमीन बघत उभी राहिले. कारकुनानं चष्मा काढला.

"तीनशे बारा. पहिल्यापासून?"

मी मान हलवली.

"मग मला एक सांगा, ती सून आधी नोकरी करायची ना? सोडली का तिनं?"

मी हळू आवाजात सांगायला लागले. मागच्या रांगेतले दोन शिक्षक पुढे सरकले. शिपाई पंखा बंद करून आला, नीट ऐकू यावं म्हणून. दोनशे चाळीसाव्या भागापर्यंत आल्यावर अर्जावर शिक्का पडला. शाळेचा शिक्का मात्र तीन दिवस मिळाला नाही, कारण तो ज्या कपाटात होता त्याची किल्ली प्लास्टरमधल्या बजरंग सरांच्या विजारीच्या खिशात होती आणि ती विजार दवाखान्यात कापून काढलेली.

पहिले दोन सामने आम्ही जिंकलो. कामशेतला झाले. मी छत्रीखाली डोळे मिटून जप केला आणि मध्येमध्ये एक डोळा उघडून घंटा वाजवली. पंचांनी नियमांची पुस्तिका चाळली, घंटेबद्दल काही सापडेना. अंतिम सामना वडगावला, तळेगावकडच्या एका शाळेशी. तो पावसानं तीनदा पुढे गेला आणि शेवटी ज्या दिवशी ठरला तो वार सांगायची गरज नाही.

मी घाबरले नव्हते. घंटा तर होती.

त्याच सोमवारी सकाळी 'सासूबाई मैदानात'चं चित्रीकरण आमच्या शाळेच्या मैदानावर आलं. माझा हात लागला नव्हता त्यात. त्यांना डोंगर, धुकं आणि खो-खो खेळता येणाऱ्या मुली हव्या होत्या, आणि मंगलताईंनी आमच्या घंटेचा व्हिडिओ सगळ्या जगाला पाठवला होता. सखाराम सरांनी हो म्हणून टाकलं. सामना तीनला. चित्रीकरण आठ ते अकरा. ओंकार नावाचा व्यवस्थापक, कमरेला दोन वॉकीटॉकी लावलेला, म्हणाला, "सर, अकरा म्हणजे अकरा. मुलींना आमच्याच बसनं पोचवतो."

सगळं कुसगाव मैदानावर. मी पाटी काखेत, घंटा पिशवीत. आणि मग गाडीतून माईसाहेब उतरल्या. नऊवारी, बूट, कपाळाला आडवी चिरी. मी पाटी काखेतून काढून छातीशी धरली. त्या सरळ माझ्याकडे आल्या आणि इतक्या हळू बोलल्या की मला कान पुढे करावा लागला.

"तुम्हीच का खऱ्या? मला जरा सांगाल का, हा खो म्हणजे नेमका कोण कुणाला देतं?"

तीनशे बारा भाग. मी पाटीवर आकृती काढून दाखवली. त्यांनी लक्ष देऊन पाहिली आणि म्हणाल्या, "ओरडतेसुद्धा मी नाही हो. तो आवाज मागाहून दुसऱ्या बाई देतात." का कोण जाणे, मला त्यांच्याबद्दल पूर्वीपेक्षा जास्त आपुलकी वाटली.

प्रसंग असा होता की, आमच्या मुली म्हणजे विरुद्ध संघ आणि त्यांनी हरायचं. पुण्याहून आणलेली एक गोरीपान मुलगी करिष्मासमोरून पळणार आणि करिष्माला ती सापडणार नाही. दिग्दर्शकानं सुरू म्हटलं. करिष्मानं तिला तीन पावलांत पकडलं.

"बाळा, तू तिला पकडायचं नाहीस," दिग्दर्शक म्हणाले.

"बरं."

पुन्हा सुरू. चार पावलांत पकडलं.

"बाळा, अगं, तू हरणार आहेस."

"व्हय सर. पर ती हातातच येती. मी काय करू?"

अकरा वाजले. साडेअकरा. दिग्दर्शकांनी गोऱ्या मुलीला लांबून पळायला सांगितलं, करिष्माला डोळे मिटायला सांगितलं. डोळे मिटून तिनं कॅमेरावाल्याला पकडलं. बारा वाजले, धुकं गेलं. मग धुकं येईपर्यंत थांबले. एक वाजला. मी पाटीवर 'सामना' लिहून ओंकारसमोर धरली. "दोन मिनिटं काकू," तो म्हणाला. मी 'करिष्मा' लिहून धरली. "हो, तिचंच चाललंय काकू." पाटीवर एवढं मोठं लिहिता येत नाही की त्यात एका मुलीचं पुढचं आयुष्य बसेल.

मी माईसाहेबांसमोर जाऊन उभी राहिले आणि पाटीवर लिहिलं, 'तीनला खरा सामना आहे. हरली तर ही हॉटेलात झाडू मारेल.'

त्यांनी वाचलं. उठल्या, कपाळाला हात लावला आणि दिग्दर्शकांना म्हणाल्या, "माझं डोकं फार दुखतंय. मी आज काम करू शकत नाही. बस कुठे आहे?" आणि त्याच बसमध्ये, माझ्या शेजारी येऊन बसल्या. बसवर मालिकेचं मोठं चित्र. पावणेतीनला वडगावच्या मैदानाच्या फाटकात ती बस शिरली तेव्हा सामना बघायला आलेले लोक, पाणी देणारे, चक्क समोरचा संघसुद्धा बसकडे धावला. त्यांच्या मार्गदर्शकांनी माईसाहेबांनाच विचारलं, "डाव कसा लावू?" त्या म्हणाल्या, "जे सुचेल ते मनापासून करा." त्यांनी ते लिहून घेतलं.

मी पिशवीत हात घातला. घंटा नव्हती.

चित्रीकरणाच्या सामानात गेली होती. एका शॉटमध्ये टेबलावर ठेवली आणि मग ती त्यांच्या यादीत चढली. मी पिशवी उलटी केली. माळ, पेन्सिल, दोन केळी.

पंच खाकी टोपीतले, कडक. त्यांनी सुरुवातीलाच जाहीर केलं, "मागच्या सामन्यात प्रेक्षक खो-खो ओरडत होते, मुली गोंधळल्या. प्रेक्षकांचं मी काही करू शकत नाही. पण संघाच्या माणसानं बाहेरून ओरडून गडी बाद झाला, तर तो बाद मी धरणार नाही. आणि ओरडणारा मैदानाबाहेर."

आमची बाजू एकदम निश्चिंत. सखाराम सर तर हसले.

सामना सुरू झाला आणि मी काय करून ठेवलं होतं ते मला दिसलं. मुली धावत होत्या, पकडायच्या जागी पोचत होत्या आणि माझ्याकडे बघत होत्या. ठोक्यासाठी. मी त्यांना घंटेची सवय लावली होती आणि घंटा कुसगावच्या धुक्यात कुठेतरी टेबलावर होती. मी टाळ्या वाजवल्या. सगळेच वाजवत होते. मी पाटीवर पेन्सिल आपटली, मग बूट काढून आपटला. पाटीला मधोमध तडा गेला आणि अर्धी खाली पडली. तरी करिष्मा होती म्हणून आम्ही टिकलो. शेवटच्या डावात दोन्हीकडे तेरा-तेरा गुण. पाठलाग आमचा. एक मिनिट उरलं. एक गडी बाद झाला की जिल्हा.

तेजल धावत होती. पुढे त्यांची एक लांब टांगांची मुलगी. ती वळली, ओळीत बसलेल्या करिष्माच्या समोर आली, अगदी हाताच्या अंतरावर. तेजल त्याच वेळी करिष्माच्या पाठीमागे पोचलेली. फक्त हात लावायचा. तेजलनं माझ्याकडे पाहिलं.

"खो."

हा आवाज कुठून आला ते मला कळलं नाही. अकरा वर्षांचे सगळे सोमवार एकदम बाहेर पडले असावेत. झाडावरचे कावळे उडाले. तेजलचा हात पडला, तिनंही खो म्हटलं, करिष्मा उठली आणि लांब टांगांच्या मुलीच्या दंडाला हात लावला.

शिट्टी. आरडाओरडा. समोरचे मार्गदर्शक पंचांकडे धावले, माझ्याकडे बोट. "ह्या बाई ओरडल्या."

"शक्यच नाही," सखाराम सर म्हणाले. "आज सोमवार आहे."

"म्हणजे?"

"सोमवारी वहिनींचं मौन असतं. अकरा वर्षं. सगळ्या कुसगावाला विचारा."

बसमधून आलेलं सगळं कुसगाव पुढे झालं. मंगलताई म्हणाल्या, "घरात साप निघाला होता तेव्हाही तिनं पाटीवर लिहिलं होतं." आमचे हे म्हणाले, "मी तीस वर्षांत हिचा एवढा आवाज ऐकलेला नाही," आणि हे अगदी खरं होतं.

"मग ओरडलं कोण?"

माईसाहेब पुढे आल्या. "मी ओरडले असेन," त्या म्हणाल्या. "मला सवयच आहे." आणि माझ्याकडे बघून त्यांनी डोळे किंचित मिटले.

पंचांचा चेहरा उजळला. माईसाहेब म्हणजे प्रेक्षक. प्रेक्षकाचा आवाज धरायचा नाही. त्यांनी वहीत लिहायला पेन काढलं. मला काहीच करायचं नव्हतं, गप्प राहायचं होतं. ज्याच्यात मी तालुक्यात पहिली यावं अशी ती एकच गोष्ट. करिष्मा माझ्याकडे बघत होती. बाकी कुणाला नसेल, पण तिला आवाज ओळखता आला होता, तिच्या तोंडावरून कळत होतं.

सोमवार मोडला तो मोडला. पण मौन हे देवासाठी धरलेलं, पंचांना फसवायला नव्हे. मी खाली पडलेला पाटीचा अर्धा तुकडा उचलला आणि लिहिलं, 'मी ओरडले.'

पंचांनी वाचलं. पुन्हा वाचलं. त्यांना वाईट वाटलं असावं, कारण ते मला "ताई" म्हणाले. "ताई, बाद धरता येणार नाही. बावीस सेकंद उरलीत, तेवढी खेळवतो. तुम्ही बाहेर व्हा."

मी त्या गर्दीतून बाहेर गेले. एका पायात बूट, दुसरा हातात. सखाराम सरांनी मान फिरवली. आमचे हे म्हणाले, "निदान बूट घाल." करिष्माकडे पाहायचं धैर्य मला झालं नाही.

मैदानाच्या भिंतीबाहेर एक माणूस दगडावर चढून आत बघत होता. पायांना गुडघ्यापर्यंत खाचरातला चिखल.

"तुमाला बी काडलं का?" तो म्हणाला. "मला कुनी काडलं न्हाई, मीच ऱ्हायलो भाईर. आसलं पाय घिऊन कुटं जायाचं? माझी पोरगी हाय आत. करिष्मा."

हे गेणूभाऊ, करिष्माचे आबा. मी हात जोडले. त्यांना वाटलं, मलाही आत बघायचंय. "तुमी बी बगा की. न्हाई, तुमच्यानं चढवायचं न्हाई. मी सांगतो. मला त्यातलं कळत न्हाई, पर सांगतो."

आत शिट्टी झाली.

"पळाया लागल्या. एक बारकी पोर लय पळतीया. लय म्हंजी लय. पुढं ती उंच पोर. गेली, गेली, बारकी मागं… थांबली जरा. आमच्या पोरीच्या पाठीला शिवली. आता आमची उठली."

मी माळ पकडली होती. जप सुचत नव्हता.

"उंच पोर खांबाकडं चाललीया. आमची मागं. अरं, ती खांबाच्या पल्याड जाती… पडली. आमची पडली वो."

मी डोळे मिटले.

"न्हाई, पडली न्हाई. आंग टाकलं तिनं. एका हातानं खांब धरलाय न् दुसरा हात लांब केलाय. चिखलात हाय समदी. आता समदी गप हायत. पंचानं हात वर केला." ते वाकून मला विचारू लागले, "हात कशाला वर करत्यात वो? चांगलं आसतंय का वाईट?"

मला माहीत होतं आणि बोलता येत नव्हतं. पाटीचा तुकडा आत राहिला होता. मी गेणूभाऊंचा चिखलाचा हात धरला आणि वर केला, जितका उंच करता येईल तितका. आतून बसचा हॉर्न वाजला तो थांबेचना.

पुढे मला कळलं. त्या बावीस सेकंदांआधी करिष्मा तेजलला म्हणाली होती, "आता घंटी न्हाई न् काकू बी न्हाईत. तुला डोळं हायत न्हवं? मंग बग न् दे."

संध्याकाळी दिवा लावला. हे समोर पेढा घेऊन बसले. "हं, आता बोल." मी तोंड उघडलं. आवाजच नव्हता. त्या एका खोमध्ये सगळा खर्च झाला होता. गुरुवारपर्यंत आला नाही. मोडलेल्या सोमवारासाठी मी अकरा सोमवार जास्तीचे धरले. देवाला ते मान्य असावं. हे म्हणाले, त्यांनाही मान्य आहे.

मालिकेतला तो भाग दिवाळीनंतर दाखवला. सगळ्या कुसगावानं साडेसातला आपल्याच मुलींना हरताना पाहिलं. करिष्मा एका कोपऱ्यात डोळे मिटून उभी होती आणि तेवढ्यात चित्र चटकन दुसरीकडे गेलं. माईसाहेबांच्या हातात माझी घंटा होती. गरुडावर प्रकाश चमकत होता. ती मागायचं मी सोडून दिलं. तिला आता नोकरी लागली आहे. रोजच्या पूजेत मी पळीनं ताम्हणावर वाजवते.

मागच्या सोमवारी सकाळी पूजेला बसले होते, तेव्हा फोन वाजला. ह्यांनी तो माझ्या कानाशी धरला.

"काकू, मी करिष्मा. आमच्या वसतिगृहाच्या मैदानावर हाय. आज माझी पयली मॅच हाय हितं. लय मोठ्या मोठ्या पोरी हायत." मग जरा थांबली. "आज सोमवार न्हवं का? बोलू नका तुमी. नुसतं वाजवा."

मी पळी उचलली आणि ताम्हणावर दोन ठोके दिले.

पलीकडे तिनं फोन तसाच खाली ठेवल्याचं ऐकू आलं. पळत गेल्याचा आवाज तेवढा आला, आणि फोन चालूच राहिला होता.